धसकटांतली कॉइल: घरगुती पीआय डिटेक्टर, नोंद तिसरी

इंदूरच्या आसपास सोयाबीन निघालं की रब्बीची पेरणी होईपर्यंत रान मोकळं असतं. जमिनीतला धातू शोधणारा पीआय (पल्स इंडक्शन) डिटेक्टर फिरवायला हेच दिवस: तो कॉइलमधून प्रवाहाचे झटके (पल्स) सोडतो आणि प्रत्येक झटक्यानंतर येणारा सिग्नल ऐकतो. पण मोकळं म्हणजे सपाट नव्हे. कापणीनंतर राहिलेली धसकटं चांगली ताठ असतात आणि कॉइलचा आकार शेवटी तीच ठरवतात. इलेक्ट्रॉनिक मंडळ (सर्किट) तेच, मागच्या नोंदीतलं. या वेळी फक्त कॉइली: २०, २६ आणि ३८ सेंमी व्यासाच्या तीन, सगळ्यांचा इंडक्टन्स ३०० मायक्रोहेन्रीच्या आसपास, म्हणजे बोर्डाला हात न लावता अदलाबदल करता येते.

निकाल आधीच सांगून टाकतो. कापलेल्या सोयाबीनमध्ये २६ ची जिंकते. ३८ ची नांगरून, वखर मारून सारख्या केलेल्या जमिनीसाठी.

कारण असं. नाणं २० सेंमी खोल आहे आणि कॉइल जमिनीपासून २ सेंमीवर, म्हणजे अंतर २२. प्रवाह तोच धरून कॉइलच्या मध्यरेषेवरचं गणित मांडलं, तर ३८ च्या कॉइलचा सिग्नल २६ च्या सुमारे १.३ पट येतो. मोठी कॉइल खोल बघते म्हणणारे कॅटलॉगवाले इथवर खरं बोलतात. आता हीच ३८ ची धसकटांवर ५ सेंमी उचलली गेली की अंतर २७ होतं. २६ ची मात्र पिकाच्या दोन ओळींमधल्या पट्टीत जमिनीलगत बसते (४५ सेंमीवर पेरलं असेल तर आरामात) आणि सुमारे १.६ पट पुढे जाते. २० ची तशीच जमिनीलगत फिरवली तरी उचललेल्या ३८ च्या किंचित पुढेच राहते! छोट्या वस्तूचा सिग्नल लांब अंतरावर अंतराच्या सहाव्या घाताने पडतो. म्हणून वर वाया गेलेले ५ सेंमी व्यास वाढवून भरून निघत नाहीत.

दुसरं कारण पायाखालचं. माळव्याची काळी माती बेसाल्टमधून झाली आहे आणि तिच्यातल्या लोहखनिजाचे बारीक कण पल्सनंतरही थोडा वेळ सिग्नल देत राहतात. पीआयला मातीचा त्रास नाही हे ऐकून गाफील राहू नये. मोठी कॉइल जास्त माती बघते, आणि धसकटांवर आपटून वरखाली झाली की तोच मातीचा सिग्नल हेडफोनमध्ये ऊं-ऊं करत चढतो-उतरतो. तपासायला कॉइल जमिनीपासून ३० सेंमीवर धरायची आणि सावकाश खाली आणायची; धातू नसलेल्या जागी आवाज चढला तर सॅम्पलचा डिले (पल्स संपल्यावर सिग्नल मोजेपर्यंतचा वेळ) थोडा वाढवायचा. डिले वाढला की लहान, पातळ वस्तू सुटतात, ही त्याची किंमत. विटांचे आणि जुन्या कवेलूंचे तुकडेही वाजतात. माती भाजली की जास्त चुंबकीय होते.

आता गुंडाळणी. वायर ७/०.२ टेफ्लॉन (०.२ मिमीच्या सात तारांची), बाहेरून साधारण ०.९ मिमी. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली इनॅमल वायर स्वस्त पडते, पण तिचे वेढे एकमेकांना इतके चिकटून बसतात की कपॅसिटन्स वाढतो आणि कॉइल मंदावते. प्लायवर २६ सेंमीचं वर्तुळ काढून १६ खिळे ठोकायचे, खिळ्यांवर प्लास्टिकची नळी चढवायची. एकूण २१ वेढे, साधारण १७ मीटर वायर, मल्टीमीटरवर १.३ ते १.५ ओहम दिसायला हवेत. २० च्या कॉइलला २४–२५ वेढे लागतात, ३८ ला १६–१७.

वेढे मोजून थांबू नका. एका वेढ्याने इंडक्टन्स जवळजवळ १० टक्के हलतो, आणि वेढ्यांचा जुडगा घट्ट की सैल यावरही बदलतो. एक वेढा जास्त घ्यायचा, दर ५ सेंमीला दोऱ्याने आवळायचं, एलसीआर मीटर (इंडक्टन्स मोजणारा) लावायचा आणि मग गरज पडली तर वेढा काढायचा. मीटर २८५ ते ३१५ मायक्रोहेन्रीमध्ये दाखवत असेल तर पुढे जायचं. उलट क्रमाने केलं तर बांधल्यावर आकडा चढतो आणि सगळं पुन्हा सोडावं लागतं.

शील्ड (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं आवरण) हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. जुडग्यावर आधी कापडी टेप, मग शील्डचा थर, त्यात १ ते २ सेंमीची फट. ही फट राहिली नाही तर शील्ड म्हणजे एक बंद वेढा होतो आणि कॉइल स्वतःलाच शोधत बसते. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल पीआयला जाड पडते, तिच्यातच भोवरा-प्रवाह रेंगाळतात. ग्रॅफाइटचा रंग बरा. त्यात उघडी बारीक तार गुंडाळून तिचं टोक केबलच्या जाळीला. चाचणी सोपी आहे: कॉइलजवळ तळहात न्यायचा. आवाज बदलला तर शील्डचं ग्राउंड तुटलं आहे. दवाने ओल्या गवतातही हाच दोष बोलतो.

केबल दीड मीटरहून लांब नको. नेहमीची आरजी-५८ केबल मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स घालते.

डॅम्पिंग (पल्सनंतरचे हेलकावे थांबवणारा रेझिस्टर) प्रत्येक कॉइलला वेगळं लागतं, इंडक्टन्स सारखा असला तरी. कॉइलला समांतर १ किलोओहमचा कार्बन प्रीसेट (फिरवून किंमत बदलता येणारा रेझिस्टर) तात्पुरता लावायचा. वायरवाउंड नको, तो स्वतःच कॉइल असतो. ऑसिलोस्कोपवर पल्सनंतरचा उतार बघत किंमत कमी करत जायची. हेलकावे जिथे नुकते थांबतात तिथे प्रीसेट सोडवून मोजायचा आणि तेवढाच २ वॅटचा रेझिस्टर टाकायचा. त्याहून खाली गेलात तर उतार लांबतो. वर राहिलात तर हेलकावे सॅम्पलमध्ये घुसतात आणि दुपारच्या उन्हात आवाज डळमळतो.

चाचणीला पिवळं ५ रुपयांचं नाणं घ्या. हल्लीची स्टीलची १ रुपयाची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची, चुंबकाला चिकटणारी. त्यांच्यावर मोजलेली खोली तांब्या-चांदीला लागू करता येत नाही.

तयार व्हीएलएफ (पल्सऐवजी सतत कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडणाऱ्या) मशीनवाल्यांसाठी दोन ओळी. काळ्या मातीत डीडी (D आकाराच्या दोन कॉइली एकमेकींवर थोड्या चढवलेली) घ्या, कॉन्सेंट्रिक (एकात एक गोल) नको: डीडी पट्टीसारखी बघते, त्यामुळे एका वेळी कमी माती पकडते. आणि प्लग बसतो म्हणून दुसऱ्या मॉडेलची कॉइल लावू नका. ट्रान्समिट-रिसीव्हचं संतुलन आणि फ्रिक्वेन्सी जुळली नाही तर मशीन गप्प बसतं किंवा सतत ओरडतं.

शेतमालकाची परवानगी हवीच, आणि संरक्षित स्मारकाच्या आवारात डिटेक्टर न्यायचाच नाही. जमिनीत लपवलेला १० रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज निघाला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार कलेक्टरला कळवावं लागतं.

बाकी काम: बैलाच्या नाला, खिळे, ट्रॅक्टरचे नट जिथे दाट पडलेत तिथे २६ ची दोन वस्तूंना एक समजते. त्यासाठी १४ सेंमीची, ३० वेढ्यांची चौथी कॉइल प्लायवर चढली आहे. बांधणी आणि मीटर बाकी.