तुम्ही विचारलंत म्हणून: वर्षाचं झालं, अजून चालत कसं नाही?

पहिला वाढदिवस जवळ आला की हा प्रश्न येतोच. विचारते आई, पण बरेचदा तिच्या तोंडून आजी बोलत असते. "वर्ष होत आलं, अजून पाऊल टाकत नाही. शेजारचा दहाव्या महिन्यात घरभर पळत होता. काही करायला हवं का?"

बाकी सगळं ठीक असेल तर काहीही करायला नको. आणि वाढदिवसाच्या निमित्ताने बाळाकडे नीट बघायचंच असेल, तर पाय सगळ्यांत शेवटी बघा. आधी हात, कान आणि नजर.

चालण्याचा हिशोब आधी संपवू. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून 2006 साली हालचालींच्या टप्प्यांचे कालखंड प्रसिद्ध केले. आपल्याकडची मुलं दिल्लीतली होती. आधाराशिवाय चालण्याचा कालखंड निघाला 8.2 ते 17.6 महिने. सरासरी बारा महिन्यांच्या आसपास. म्हणजे पहिल्या वाढदिवसाला साधारण निम्मी मुलं चालत नसतात, आणि त्यात वावगं काहीच नसतं. त्याच पाहणीत शंभरातली चारएक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहून चालायला लागली. काही मुलं बुड घासत घर फिरतात. ती हमखास उशिरा चालतात, आणि चौकशी केली तर बापाने किंवा आत्यानेही लहानपणी तेच केलेलं असतं.

पण आधाराशिवाय बसण्याचा कालखंड 9.2 महिन्यांना संपतो. वर्षाचं बाळ बसत नसेल, तर वाढदिवसाचा हॉल नंतर ठरवा, आधी डॉक्टर. उभं केल्यावर पायांवर भारच घेत नसेल, तरी तेच.

वर्षाचं निरोगी बाळ बहुतेक वेळा दिवाणाला धरून उभं राहतं आणि कडेकडेने आडवं सरकतं. हे आडवं सरकणं फार कामाचं. चालताना एक पाय उचलला की सगळा भार दुसऱ्या पायावर येतो आणि कंबर त्या बाजूला कलू द्यायची नसते. हे काम करणारे नितंबाच्या बाजूचे स्नायू आडव्या चालीतच तयार होतात. मदत करायची असेल तर दिवाणाच्या टोकाशी एक स्टूल ठेवा, आधी हाताच्या अंतरावर, मग वीतभर लांब. त्या फटीत बाळ पहिलं सुटं पाऊल टाकतं. पाय उघडे ठेवा. गुळगुळीत फरशीवर मोजे घातलेलं बाळ घसरतं, आणि दोनतीनदा आपटलं की आठवडाभर पुन्हा प्रयत्न करत नाही. दोन्ही हात वर धरून चालवू नका. त्यात बाळ आपल्या हातांना लोंबकळतं, तोल सांभाळायचं काम आपण करतो. धरायचंच तर कमरेला धरा.

वॉकर मात्र नको. चाकं लावलेल्या गोल चौकटीत बसवलेलं बाळ चवड्यांनी जमीन ढकलतं, भार पायांवर घेत नाही, स्वतःची पावलं त्याला दिसत नाहीत आणि जिन्यापर्यंत पोचायला त्याला दोन सेकंद पुरतात. कॅनडाने 2004 साली या वस्तूच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा याहून कितीतरी शहाणा, कारण त्याच्या मागे उभं राहावं लागतं. एकच खोड, फरशीवर तो पुढे पळतो आणि बाळ तोंडावर येतं. पुढच्या दांडीवर दोनेक किलोची डाळीची पिशवी घट्ट बांधली की वेग आटोक्यात येतो.

अठरा महिने पुरे झाले तरी चालत नसेल, तर तपासणी हवीच. मुलगा असेल तर स्नायूंच्या आजाराची शंका दूर करायला डॉक्टर सीपीके ही रक्ततपासणी सांगू शकतात. घाबरून ती टाळू नका.

आता हात. एका ताटलीत शिजलेल्या भाताची चार शितं सुटी सुटी ठेवा आणि बाळासमोर धरा. सातआठ महिन्यांचं बाळ सगळी बोटं फिरवून ती मुठीत ओढतं. नवव्या महिन्याच्या सुमारास अंगठा आणि तर्जनीची कड वापरतं. वर्षाच्या सुमारास अंगठ्याचं टोक आणि तर्जनीचं टोक जुळतं, एकच शीत उचललं जातं, ते तोंडापर्यंत न सांडता जातं. ही चिमूट जमणं म्हणजे मेंदूने प्रत्येक बोट वेगळं हलवायला शिकणं. या कामासाठी शेंगदाणा, फुटाणा, डाळिंबाचा दाणा कधीही देऊ नका, घशात अडकतो.

उचलण्याइतकंच सोडणंही शिकावं लागतं. उंच खुर्चीवरून चमचा दहा वेळा खाली टाकणारं बाळ खोडकर नसतं. मूठ हवी तेव्हा उघडायचा सराव चाललेला असतो. एक रिकामा डबा आणि पाचसहा चमचे द्या. वर्षाची बरीच मुलं चमचा डब्यात घालतात, काढतात, पुन्हा घालतात. वाटीखाली वस्तू झाकली की वाटी उचलून शोधतात.

हात बघताना दोन्ही बघा. "आमची डावखुरी होणार" असं कौतुकाने सांगणारे पालक भेटतात, तेव्हा मला जरा धास्ती वाटते. डावंउजवं ठरायचं वय पुढे आहे. दीड वर्षाच्या आत बाळ सतत एकच हात पुढे करत असेल आणि दुसऱ्याची मूठ मिटलेली राहत असेल, तर हा त्या हाताचा आवडतेपणा नसून दुसऱ्या हाताची कमजोरी असू शकते. हे वाढदिवसाच्या फोटोंत दिसतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

हाताचा सगळ्यांत मोलाचा उपयोग खाण्याशी संबंधित नाही. तो म्हणजे बोट दाखवणं. भिंतीवरच्या पालीकडे किंवा छताच्या पंख्याकडे बोट करून "ते बघ!" म्हणा. लहान बाळ तुमच्या बोटाकडेच बघत राहतं. वर्षाचं बाळ बोटाच्या दिशेने नजर नेतं, वस्तू गाठतं, आणि बरेचदा वळून पुन्हा तुमच्या चेहऱ्याकडे बघतं: दिसलं ना तुलाही? हा शेवटचा कटाक्ष बघायला शिका. त्यानंतर ते स्वतः बोट करू लागतं. आधी हवं म्हणून: बिस्किटाच्या डब्याकडे बोट आणि "ऊं ऊं". साधारण पंधराव्या महिन्यापर्यंत हे यायला हवं. मग नुसतं दाखवायला म्हणून: खिडकीत कावळा बसलाय, तो नकोय, पण तुम्ही बघायला हवा. हे अठराव्या महिन्यापर्यंत. भाषा याच बोटावर चढते. बाळाची नजर कावळ्यावर असताना तुम्ही "काऊ" म्हणता, आणि शब्द वस्तूला चिकटतो. अठरा महिन्यांच्या मुलात हे बोट दाखवणं नसेल, नजरेला नजर मिळत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर "मुलगे उशिराच बोलतात" हे वाक्य घरात कोणालाही उच्चारू देऊ नका. याच वयात स्वमग्नतेची चाळणी चाचणी होऊ शकते.

हाकेला ओ देत नसेल तर पहिली तपासणी कानांची. इथे घराघरांत एकच चूक होते: मागे उभं राहून ताट वाजवायचं, बाळ दचकलं की "कान उत्तम आहेत" असा निकाल द्यायचा. ताटाचा आवाज इतका मोठा असतो की बऱ्यापैकी कमी ऐकणारं बाळही दचकतं. शिवाय हवेचा झोत लागतो, सावली हलते, जमीन थरथरते. बोलणं समजायला स, श, फ, क असे बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू यावे लागतात, आणि नेमके तेच आधी हरवतात. बाळ खेळात असताना, त्याच्या नजरेआड, हातभर अंतरावरून हळू "स्स स्स" करून बघा. पण हे फक्त अंदाजासाठी. खात्री ओएई आणि बेरा या तपासण्यांनीच होते. बेरा झोपेत करतात, दुखत नाही. जन्मानंतर पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा या शास्त्राचा नेम आहे, तेव्हा वर्षाच्या बाळाच्या बाबतीत आणखी थांबण्यात अर्थ नाही. जन्मतः ऐकू येत असलेल्या मुलातही वारंवार सर्दी झाली की कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि आठवडेच्या आठवडे ऐकणं मंदावतं.

शब्द किती हवेत? वाढदिवसाला एखादा अर्थ असलेला शब्द पुरे, आणि तो शब्दकोशातला असायची गरज नाही. ठरावीक गोष्टीसाठी ठरावीक आवाज आला की तो शब्द. मंमं, भूभू, भुर्र, जीजी सगळं धरायचं. चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाच्या वाढीची टिपणं ठेवली होती, ती 1877 साली छापून आली. बरोबर वर्षाचा असताना त्या पोराने खाण्यासाठी स्वतःचा शब्द काढला, 'मम्', अशी नोंद त्यांत आहे. मराठी घरात याचं कोणाला नवल वाटणार नाही. बोलण्यापेक्षा समजणं महत्त्वाचं: "नको" म्हटल्यावर क्षणभर का होईना थांबतं का, "टाटा कर" म्हटल्यावर हात हलतो का. घरात मराठी, पाळणाघरात हिंदी, बाहेर कन्नड किंवा इंग्रजी, म्हणून बोलणं लांबत नाही. सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजा. मोबाइल मात्र बाजूला. जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 सालचा सल्ला पहिल्या दोन वर्षांसाठी पडदा नको असाच आहे. गाणं लावून भरवलेल्या घासाबरोबर बाळ तुमच्या तोंडाकडे बघायचं विसरतं, खरं नुकसान ते.

बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर वरचे सगळे महिने मोजताना तेवढे वजा करा. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ पहिल्या वाढदिवसाला विकासाच्या हिशोबाने दहा महिन्यांचं असतं. हा हिशोब दोन वर्षांचं होईपर्यंत चालतो. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

वजन: जन्माच्या साधारण तिप्पट. मुलाचं मधलं वजन 9.6 किलो, मुलीचं 8.9, डोक्याचा घेर अनुक्रमे 46 आणि 45 सेंटिमीटरच्या आसपास. एका आकड्यापेक्षा कार्डावरची रेघ बघा, वर चाललीय ना. अंगणवाडीत दंडाला पट्टी लावतात, ती 12.5 सेंटिमीटरच्या खाली गेली तर दुर्लक्ष करू नका. दात तेराव्या महिन्यापर्यंत एकही नसेल तरच विचारा.

इथे दुधाबद्दल बोलायलाच हवं. वर्ष झालं की भूक थोडी कमी होते, घरचे घाबरतात आणि जेवणाऐवजी दुधाची बाटली वाढते. गाईम्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि पोट दुधाने भरलं की भाकरी-वरण-पालेभाजीला जागा उरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 68.9 टक्के रक्तक्षयी आढळली. लोह कमी पडलं की मूल मरगळतं, चिडचिडं होतं, शिकण्याचा वेग मंदावतो, आणि सगळे म्हणतात दात येताहेत. दिवसभरात दूध अर्धा लिटरच्या आत, बाटलीऐवजी पेल्यातून. आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचं औषध सरकारी कार्यक्रमातच आहे, आशाताईंकडे मागा.

एखादी गोष्ट खटकली तर कुठे जायचं? बालरोगतज्ज्ञांकडे त्रिवेंद्रमचा विकास तक्ता बहुधा असतो. पहिल्या दोन वर्षांसाठी त्यात सतरा टप्पे आडव्या पट्ट्यांनी दाखवलेत. बाळाच्या वयावर पट्टी उभी धरायची. जो टप्पा पूर्णपणे डावीकडे राहिला आणि बाळाला येत नाही, तिथे विलंब. पाच मिनिटांचं काम. सरकारी बाजूने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, 2013 साली पालघरहूनच सुरू झालेला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात आणि गरजेच्या मुलांना जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसी केंद्रात पाठवतात. तिथे कान, डोळे, फिजिओथेरपी, वाचा उपचार एका छताखाली मिळतात. जाताना अर्ध्या मिनिटाचे चार व्हिडिओ न्या: जमिनीवर खेळताना, उठून उभं राहताना, हाक मारल्यावर आणि खाताना. दवाखान्यात बाळ रडतं आणि यातलं काहीच करून दाखवत नाही. येत असलेली गोष्ट बाळ विसरलं, शब्द गेले, टाटा करणं बंद झालं, तर मात्र कुठल्याही वयात, त्याच आठवड्यात.

वाढदिवसाला औक्षणाच्या पाटावर बाळ भोकाड पसरेल, मामाच्या कडेवरही जाणार नाही. या वयात अनोळखी चेहऱ्यांची भीती रास्त आहे, त्याला ओळखीचे-परके कळतात याचा तो पुरावा. दुपारच्या झोपेनंतर कार्यक्रम ठेवा, तासाभरात आवरा. बोरन्हाण वाढदिवसाला जोडून करत असाल तर बोरं आणि हरभरे बाळ उचलण्याआधी गोळा करा, चुरमुरे कमी धोक्याचे. फुगे उंच बांधा. फुटलेल्या फुग्याचा रबरी तुकडा श्वासनलिकेवर पापुद्र्यासारखा बसतो आणि खोकून निघत नाही, तेव्हा पाहुण्यांना केक देण्याआधी कोणीतरी एकाने खाली वाकून तुकडे वेचायचे.