आमची वाटचाल : आधी पॉवर सप्लाय, मग कार्ड

2017 ला मी आणि माझ्या मावसभावाने काम सुरू केलं, एक टेबल, एक मल्टिमीटर आणि टोकाला चुंबक असलेला एक चांगला स्क्रूड्रायव्हर, तो अजून माझ्या हातात आहे. ठरवलं होतं की रेडिमेड गेमिंग पीसी घेतलेल्यांना ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर बदलून द्यायचा, नवीन मशीन कुणाच्या गळ्यात मारायचं नाही. पहिली चार वर्षं बरी गेली.

मग आलं 2021. क्रिप्टो मायनिंगवाल्यांमुळे ग्राफिक्स कार्डच मिळत नव्हती, महिन्याला दोन-तीन कामं यायची. एक गिऱ्हाईक कुठून तरी आरटीएक्स 3070 कार्ड मिळवून घेऊन आलं. त्याच्या मशीनमधे 500 वॅटचा मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता येणारा, पॉवर सप्लाय होता, तो काढून आम्ही 750 चा बसवला. जुन्या वायरी मागे इतक्या नीट बांधलेल्या होत्या की भावाने साटाची, म्हणजे ड्राइव्हना पॉवर देणारी, वायर तशीच ठेवली आणि नव्या सप्लायला जोडली. प्लग अगदी फिट बसला. बटण दाबलं आणि वास आला. ड्राइव्हकडचं टोक सगळीकडे सारखंच, पण सप्लायकडच्या पिनांना कसला स्टँडर्ड नाही, 5 व्होल्टच्या जागी 12 गेले, एसएसडी पण मेली आणि हार्ड डिस्क पण, आणि त्यावर त्या माणसाचं एडिटिंगचं सगळं काम होतं.

आम्ही लपवलं नाही, त्याच दिवशी फोन करून सांगितलं, भरपाई दिली, त्यात गल्ला रिकामा झाला. ते मान्य. पण आमच्याच धंद्यातल्या एकाने ही गोष्ट दारोदार सांगितली, "मशीन जाळतात हे लोक", आणि स्वतः काय करत होता तर 6 पिनच्या वायरीला कन्व्हर्टर लावून 8 पिनच्या कार्डाला पॉवर देत होता! 6 पिन 75 वॅटसाठी, 8 पिन 150 साठी, हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागतं का? गेम सुरू केला की मशीन बंद, मग तीच गिऱ्हाईकं आमच्याकडे यायची. हे कुणी बोललं नाही, त्याचा राग अजून आहे.

तीन महिने जवळपास काम नव्हतं. भाऊ म्हणाला, "माझ्यामुळे झालं, मी थांबतो," आणि खरंच नोकरीला लागला. मी त्याला कधी दोष दिला नाही, वायर मीही बघायला हवी होती.

त्या दिवसांत एकच माणूस आला. सर म्हणतो आम्ही त्यांना, 2018 चं मशीन, रायझन 2600 प्रोसेसर, घेतलं त्या वर्षापासून आमच्याकडेच. म्हणाले, "तुम्ही स्वतःहून फोन केलात ना त्याला, मग झालं, रॅम वाढवायचीये." काम अर्ध्या तासाचं, पण ते बसले संध्याकाळपर्यंत.

तेव्हापासून सप्लाय बदलला की जुनी प्रत्येक वायर बाहेर, अपवाद नाही. आणि तुम्ही घरी करणार असाल तर कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा, सप्लायवरचं स्टिकर वाचा, मदरबोर्डचा प्लग 24 पिनचा आहे का बघा, कारण काही रेडिमेडमधे तो कंपनीचा स्वतःचाच असतो आणि मग बाजारातला सप्लाय लागतच नाही. कार्डाची जागा टेपने मोजा. एएम4 चा (सरांच्या रायझनचं सॉकेट) कूलर थंड मशीनमधे सरळ ओढू नका, कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट वाळलेली असते, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, आधी दहा मिनिटं मशीन चालवा, बंद करून वायर काढा आणि मग पिळत पिळत सोडवा. पिन वाकलीच तर शिसं काढलेल्या पेन पेन्सिलच्या टोकाने सरळ होते, हात मात्र हलका हवा.

सरांच्या त्याच बोर्डावर नंतर रायझन 5800एक्स3डी प्रोसेसर बसवला. आधी जुन्या प्रोसेसरवरच बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अपडेट केला, नाहीतर स्क्रीनच येत नाही. चालू केलं तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या ड्राइव्ह-कुलपाची, रिकव्हरी की मागितली, त्या कुलपाची किल्ली प्रोसेसरमधल्या टीपीएममधे असते आणि प्रोसेसर बदलला की तो नवा होतो ना. मी सरांकडे बघितलं, त्यांनी खिशातून कागद काढला, 48 आकडे हाताने लिहून आणले होते.