संमतीपत्रावरची एकच सही

रत्नागिरी आणि राजापूर या दोन तालुक्यांच्या किनाऱ्यावर अनेक लहानमोठ्या खाड्या आहेत. त्यांपैकी एका खाडीकाठच्या गावात, तिसऱ्या, मुळे आणि कालवे हे शिंपले गोळा करून विकणाऱ्या स्त्रियांच्या उपजीविकेवर, विद्यापीठाच्या एका अल्पमुदतीच्या प्रकल्पासाठी मी गुणात्मक संशोधक म्हणून काम केले. खाडीचे आणि वाडीचे नाव मी दिलेले नाही, घरातील माणसांचे काही तपशील बदललेले आहेत, आणि ज्या बाईंविषयी हे लिहिले आहे त्यांना सगळा मजकूर वाचून दाखवूनच तो येथे देत आहे. त्यांना मी मावशी म्हणत असे, येथेही तेच म्हणते.

माझे काम म्हणजे लोकांशी गप्पा मारणे, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बोलण्याचा भाग सर्वांत थोडा असतो. एक तासाचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला पाच-सहा तास सहज लागतात, बोली अनोळखी असेल तर त्याहून जास्त. त्यानंतर ओळीओळीला संकेत देणे, म्हणजे तिच्या आशयाला एक छोटे नाव देणे, संकेतांतून आशयसूत्रे बांधणे, ती पुन्हा मूळ बोलण्याशी ताडून पाहणे, ही कामे येतात. अल्पमुदतीच्या प्रकल्पात हे सगळे ३१ मार्चच्या आत बसवावे लागते, कारण आर्थिक वर्ष संपले की खर्चाचा हिशेब आणि विनियोग प्रमाणपत्र मागितले जाते. मंजुरीपत्र मात्र नेहमी उशिरा येते. परिणामी ज्या कामाला दोन पावसाळे पाहणे आवश्यक असते ते एका हिवाळ्यात उरकले जाते, आणि याची कोणाला खंत वाटत असल्याचे मला दिसलेले नाही.

आमच्या वेळापत्रकात मुलाखतींची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच अशी छापलेली होती. खाडीवरच्या बायकांची वेळ तिथीने ठरते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे साडेसातच्या आसपास ओहोटी, अष्टमीला सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पण अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, ते पुरेसे ओसरत नाही आणि वाळूचे पट्टे उघडे पडत नाहीत. खरा धंदा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आणि त्यानंतरच्या तीन-चार दिवसांत होतो. त्या दिवसांत सकाळी ओहोटीला खाडीत उतरायचे, कोयतीने किंवा नुसत्या बोटांनी वाळू उकरून तिसऱ्या काढायच्या, घरी आणून पाण्यात ठेवून त्यांना वाळू ओकू द्यायची, आणि मग बाजार गाठायचा. त्यामुळे मी मुलाखती भांगाच्या दिवसांवर नेल्या. त्या दिवसांत बायकांना घरी बसायला थोडी उसंत असते. हा बदल मंजूर करून घेण्यासाठी मला दिनदर्शिका घेऊन कार्यालयात जावे लागले, आणि मी तो मंजूर करून घेतला याचा मला आजही अभिमान वाटतो.

आमच्याच प्रकल्पातील सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत ‘दरमहा उत्पन्न, किलोमध्ये’ असा रकाना होता. तिसऱ्या वाट्याने विकल्या जातात. वाट्याचा आकार गिऱ्हाईक पाहून, वेळ पाहून, उरलेला माल पाहून बदलतो. उन्हे वर आल्यावरचा वाटा सकाळच्या वाट्यापेक्षा मोठा असतो, कारण माल परत घरी नेण्यापेक्षा तो बरा. संख्याशास्त्राच्या सहकाऱ्याने वाट्याला सरसकट अर्धा किलो धरून रकाना भरला. तो मनापासून काम करणारा मुलगा होता, पण त्याला रिकामा रकाना सहन होत नसे.

मावशींची मुलाखत अष्टमीला, त्यांच्या पडवीत झाली. त्यांना लिहिता-वाचता येत नसल्यामुळे माहितीपत्रक आणि संमतीपत्र मी मोठ्याने वाचून दाखवले, त्यांनी अंगठा दिला आणि अंगणवाडीच्या सेविकेने साक्षीदार म्हणून सही केली. नाव गुप्त ठेवले जाईल, ओळख पटेल असा तपशील छापला जाणार नाही, कधीही माघार घेता येईल, हे सगळे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, “माजा नाव घाल त्यात. बिननावाच्या बोलण्याला कोण इचारतो?” नियमाप्रमाणे तसे करता येत नाही, हे मी त्यांना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांना ते पटलेले नव्हते.

पुढचा दीड तास मी माझ्या कामातल्या सर्वांत मोलाच्या वेळांमध्ये मोजते. मावशींनी खाडीच्या तळाचा सबंध नकाशा बोलून दाखवला. कोणत्या पट्ट्यात नुसती वाळू, कोठे वाळूत चिखल, तिसरी कोणत्या चिखलात राहते आणि कोठे मरते, पावसाळ्यात डोंगरावरून गोडे पाणी आले की कोणत्या कोपऱ्यातली आधी जाते आणि नव्या बारीक तिसऱ्या पुन्हा कोणत्या कोपऱ्यात आधी दिसतात. प्रत्येक पट्ट्याला नाव होते, आणि ती नावे कोणत्याही कागदावर नाहीत. तासाभराने त्या आपणहून वाळू उपशाकडे वळल्या. परवाना हातपाटीचा, म्हणजे यंत्राशिवाय, मनुष्यबळाने वाळू काढण्याचा. पण रात्री सक्शन पंप लागतात. पंपाने तळाला खड्डे पडतात, आणि पूर्वी ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यात जेथे उभे राहता येत असे तेथे आता कमरेच्या वर पाणी असते. तिसरी थोड्याशा खोलीवर वाळूत रुतून राहते, त्यामुळे वरचा थर उपसला की तीही वाळूबरोबर जाते. आणि पट्टा एकदा ओहोटीच्या पातळीखाली गेला की उरलीसुरली तिसरी असूनही बायकांच्या हाताला लागत नाही. मुख्य पट्ट्यांपैकी कोणता कधी गेला, हे मावशींनी लग्नकार्ये, बारशी आणि वादळे यांच्या खुणांनी क्रमाने सांगितले. ‘निसर्ग’ वादळ ३ जून २०२० रोजी आले, तेव्हा त्यांच्या सांगण्याप्रमाणे वरचा पट्टा अजून शाबूत होता. इतर बायकांनी तिकडे जाणे सोडल्यानंतरही त्या एकट्या तेथे जात राहिल्या, आणि म्हणून त्याचा अंत पाहिलेल्या त्या एकट्याच होत्या. रात्री पंप कोणाच्या होडीवर असतो, हेही त्यांनी नावानिशी सांगितले.

संध्याकाळी मी मुक्कामाच्या जागी टिपणे पूर्ण करत असताना मावशींचा मुलगा मला शोधत आला. तो नम्र होता आणि घाबरलेला होता. तो वाळूच्या ट्रकवर चालक आहे, आणि आईने ज्याचे नाव घेतले त्याच माणसाकडून त्याला पगार मिळतो. मुलाखतीत काय झाले हे मी त्याला सांगितले नाही आणि त्याने विचारलेही नाही. आई काय बोलली असेल हे त्याला ठाऊक होते. “मॅडम, ती बोलून मोकळी होते, पण घर माझ्यावर चालतं. तिचं बोलणं काढून टाका,” एवढेच तो म्हणाला.

संमतीपत्रावर सही करण्यासाठी एकच ओळ असते. आमचे सगळे नीतिशास्त्र, सेहत या मुंबईतील संस्थेच्या पुढाकाराने २००० साली तयार झालेल्या सामाजिक आरोग्य-संशोधनाच्या मार्गदर्शक तत्त्वांपासून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या तत्त्वांपर्यंत, बोलणाऱ्या व्यक्तीच्या संमतीवर उभे आहे, आणि ते योग्यच आहे. घरातल्या पुरुषाने येऊन बाईचे बोलणे मागे घ्यायचे ठरवले, तर ते मान्य करणे म्हणजे तिची संमती कवडीमोल ठरवणे. शिकवताना मी हेच सांगेन. पण त्या संध्याकाळी माझ्यासमोर उभा असलेला माणूस सत्ता गाजवायला आलेला नव्हता. बोलण्याचे श्रेय आईचे आणि बोलण्याची किंमत त्याने मोजायची, अशी वाटणी झालेली होती, आणि या वाटणीसाठी आमच्या कागदावर ओळ नव्हती. मी त्याला सांगितले की माघार घेण्याचा हक्क आईचा आहे. त्याने आईशी बोलावे, आणि त्यांनी सांगितले तर मी सगळे काढून टाकेन. दुसऱ्या दिवशी मावशींनी तसे काही सांगितले नाही. उलट नाव घालण्याचा आग्रह पुन्हा धरला.

टोपणनाव दिले की प्रश्न मिटतो, असे आमच्या संशोधनाचा आराखडा मंजूर करणारी नीतिशास्त्र समिती मानते. शहरातील वाचकापासून टोपणनावाने ओळख लपते. गावापासून लपत नाही, आणि धोका तर गावातच असतो. वरच्या पट्ट्यावर एकटी जाणारी बाई, एवढे छापले की वय, वाडी, घरातील माणसे बदलून काहीही उपयोग नाही. पट्ट्याचा उल्लेखच काढला, तर ओळख जाते आणि त्याबरोबर पुरावाही जातो. मी हा पेच लिहून समितीकडे पाठवला. उत्तर आले की मंजूर आराखड्याप्रमाणे सर्व सहभागींची ओळख गोपनीय ठेवावी. माझ्या प्रश्नाला ते उत्तर नव्हते. समितीतील कोणी खाडीत पाय घातला असेल असे मला वाटत नाही, पण त्याहून वाईट म्हणजे सहभागी व्यक्ती स्वतः नाव मागू शकते, ही शक्यताच त्यांच्या नमुन्यात नव्हती.

दरम्यान ध्वनिमुद्रणाचे प्रतिलेखन शहरातील एका कंत्राटी संस्थेकडून झाले. मावशींनी सांगितलेल्या पट्ट्यांच्या नावांच्या जागी बहुतेक ठिकाणी कंसात ‘अस्पष्ट’ असे लिहून आले. आवाज स्पष्ट होता. उतरवणाऱ्याने ती नावे कधी ऐकलेली नव्हती. मी रात्री बसून सगळे मुद्रण पुन्हा ऐकले आणि एकेक नाव भरले. खाडीच्या तळाचे एवढे ज्ञान एका शब्दाने पुसले जाते आणि ते अहवालात कोणाच्या लक्षातही येत नाही, याचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

प्रकल्पप्रमुख बाईंशी माझी दोन वेळा दीर्घ चर्चा झाली. त्या संवेदनशील आहेत आणि त्यांनी माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. अहवालाची प्रत जिल्ह्याच्या कार्यालयांत जाणार होती, आणि तेथून ती वाळूवाल्यांच्या हातात पडायला वेळ लागला नसता, ही त्यांची भीती रास्त होती. शेवटी अंतिम अहवालात एक वाक्य गेले: काही महिलांच्या मते वाळू उपशामुळे शिंपल्यांच्या उपलब्धतेवर परिणाम झाला आहे. त्या वाक्यात असत्य काही नाही. मात्र ते वाचून कोणालाही वाटेल की काही बायकांची अशी समजूत आहे. एका बाईने वर्षानुवर्षे ओहोटीमागून ओहोटी पाहून, खोली आपल्या अंगावर मोजून, क्रम लावून सांगितलेली गोष्ट त्यात मत होऊन बसली. सुरक्षिततेसाठी आपण माणसाचे नाव काढतो तेव्हा त्याचे निरीक्षकपणही काढून घेतो, हे मी या आधी इतके जवळून पाहिलेले नव्हते. ज्याचे शिक्षण झाले आहे त्या निरीक्षकाचे नाव मात्र अहवालाच्या पहिल्या पानावर छापलेले असते. माझेही आहे.

मार्चअखेर माझा करार संपला. मंजूर आराखड्याप्रमाणे मूळ ध्वनिमुद्रणे काही वर्षांनी नष्ट केली जातील. प्रकल्पाच्या संगणकात आता मला प्रवेश नाही. पण करार संपण्याआधी, प्रमुख बाईंच्या लेखी परवानगीने, मी मावशींच्या मुलाखतीचे दुरुस्त केलेले प्रतिलेखन छापून घेतले होते. सहभागी व्यक्तीला तिचेच बोलणे देण्यास आराखड्यात कोठे मनाई नव्हती. एका भांगाच्या दुपारी त्याच पडवीत बसून मी ते त्यांना सबंध वाचून दाखवले. त्यांनी दोन पट्ट्यांचा क्रम बदलायला लावला आणि एका ठिकाणी मला थांबवून, खोली कमरेएवढी नव्हे, छातीएवढी लिही, असे सांगितले. होडीवाल्याचे नाव आले तेव्हा मी विचारले की या प्रतीतून ते काढू का. त्या म्हणाल्या, “ऱ्हऊ दे.” अहवालात त्यांचे नाव नाही, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यावर त्यांनी प्रत मागून घेतली, पहिल्या पानावर स्वतःचे नाव मोठ्या अक्षरात लिहायला लावले आणि त्याखाली अंगठा उमटवला.

ही प्रत १ मेच्या ग्रामसभेत मांडावी की नाही, हे त्यांनी तेव्हा ठरवलेले नव्हते. मांडली तर मुलाची नोकरी जाईल, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळते. मी सल्ला दिला नाही, कारण मी तेथे राहत नाही आणि त्याचे जे परिणाम होतील ते मला भोगायचे नाहीत. पण सल्ला न देता तो कागद तेवढा हातात देणे हे तटस्थ राहणे आहे का, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. माझ्या काही सहकाऱ्यांच्या मते मी त्यांना धोक्यात घातले. काहींच्या मते त्यांचे होते ते त्यांना परत दिले. मला दोन्ही म्हणणी पटतात, आणि दोन्ही पटतात म्हणूनच मी हे लिहायला बसले.

गेल्या आठवड्यात मुलाचा फोन आला. तो कागद परत घेऊन जा, अशी त्याने विनंती केली. तो कागद माझा नाही, तो आईकडेच मागा, असे मी त्याला सांगितले. मागितला होता, ती देत नाही, असे तो म्हणाला.