अर्ध्या गाडीचा हिशेब

नागपूर शहरात सायकल मार्गांवर पैसा कुठे घालायचा, हे ठरवण्याआधी मोजणी करतात. त्या मोजणीचं काम आमच्या सल्लागार कंपनीकडे होतं आणि हिंगणा रोडचा भाग माझ्याकडे. वेळा नेहमीच्याच: सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८. कार आणि बाईकची गर्दी तेव्हा असते म्हणून. सायकली मोजायच्या तरी त्याच वेळा.

मोजणीला लावलेल्या पोरांपैकी एक त्याच भागातला. आदल्या दिवशी शीट वाटताना म्हणाला, "सर, आठ वाजता कोन सायकलवाला भेटनार तुम्हाले? फर्स्ट शिफ्ट सातले लागते जी एमआयडीसीत."

म्हणून दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच जाऊन उभे राहिलो. फेब्रुवारी होता, गारठा होता. मेट्रोच्या खांबांखालून सायकली यायला लागल्या. एकट्यादुकट्या नाही, चार-पाचच्या घोळक्यानं. कानाला मफलर, हँडलला डबा, बहुतेकांना मागे दिवा नाही. चार उभ्या रेघा, एक आडवी, असं पोरगं भराभर मांडत होतं; सायकलचा रकाना भरला तसं ते शीटच्या पाठीमागे लिहायला लागलं. पावणेसातनंतर ओघ आटला. आठला, म्हणजे आमची 'अधिकृत' मोजणी सुरू झाली तेव्हा, त्या रकान्यात मधूनच एखादी रेघ पडत होती.

शिफ्ट सुटण्याचंही तेच. पहिली शिफ्ट दुपारी ३ ला सुटते, ती वेळही मोजणीत नाही. आणि नागपुरात मे महिन्यात दुपारी तीनचं ऊन म्हणजे काय, ते मी सांगायला नको. ४५ अंशांत घरी परतणाऱ्याला सायकलच्या पट्ट्यावरच्या रंगापेक्षा झाडं लागतात. अंदाजपत्रकात मात्र रंगाचा आयटम असतो, झाडांचा क्वचित.

त्या सकाळी एकाची सायकल आमच्यापाशीच थांबली. मागच्या चाकाला आऊट आलेला, म्हणजे ते वाकडं झालेलं, रिम ब्रेकला घासत होती. पन्नाशीचा माणूस. चाक उचलून फिरवलं, एक तार ढिली होती ती हातानंच आवळायला बघितली.

"काय मोजून राहिले साहेब?"

"सायकली. ट्रॅक करायचा विचार आहे काका."

"ट्रॅक कराल त मंग त्याच्यावर गाड्या लागन. त्यापेक्षा हे कड सारकी करून द्या ना." त्यानं पायानं दाखवलं. रस्त्याची कडा आणि बाजूचे गट्टू यांच्यात वीतभर पायरी. मागून बसनं हॉर्न दिला की खाली उतरावं लागतं, आणि उतरलं की रिम वाकते. शिफ्ट चुकू नये म्हणून तो तसाच, ब्रेक सोडवून, निघून गेला.

ऑफिसात आकडे भरताना दुसरी गंमत. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेप्रमाणे प्रत्येक वाहन कारच्या मापात बदलतात. कार १, सायकल ०.४ ते ०.५. रस्त्याची जागा कोण किती खातं, यासाठी हे माप ठीकच आहे. पण सायकलसाठीच पैसा मागायचा आणि सायकलवाल्याला अर्धी गाडी धरायचं, म्हणजे मागणीच अर्धी करून मांडायची! मी सहा ते आठचा तक्ता वेगळा केला, त्यात माणशी एक धरला, आणि अहवालाच्या शेवटी नाही तर मधे घातला. शेवटचं परिशिष्ट कोणी उघडत नाही, हा अनुभव.

सादरीकरणात अपेक्षेप्रमाणे, रविवारी हौशी सायकलस्वार जातात त्या फुटाळा आणि सेमिनरी हिल्सचाच विषय निघाला. तिकडची सायकल मला वाईट वाटत नाही. २०२१ मध्ये केंद्राच्या 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' स्पर्धेत निवडलेल्या ११ शहरांत नागपूर होतं, त्यात हौशी सायकलस्वारांचाही वाटा आहेच. पण तिथला माणूस रविवारी नाही आला तरी त्याची हजेरी कापली जात नाही.

समोरच्या साहेबांनी हिंगणा रोडचा तक्ता दोनदा बघितला. मग विचारलं, "दोन मीटरचा पट्टा काढला तर दुकानांपुढचं पार्किंग कुठे न्यायचं?" मी म्हटलं, सकाळी सहाला दुकानं बंद असतात, पार्किंग नसतंच, तीनचा प्रश्न खरा आहे. तोवर कडा सपाट करा, त्याला पट्टाही लागत नाही आणि पार्किंगही हलत नाही. कडेचं काम पहिल्या टप्प्यात घातलं. पट्ट्याचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला, आणि त्याआधी पुन्हा मोजणी करायची ठरली: सकाळी ५.३० पासून, दुपारी २.३० ते ४ धरून.