कापूस आपला, भाव सरकारचा

आमच्या खान्देशात कापसाचा विषय निघाला की म्हातारी माणसं अजूनही एकाधिकार खरेदीवर तावातावाने बोलतात. १९७२ पासून कापूस फक्त सरकारलाच विकायचा असा कायदा होता, चुकारे हप्त्याहप्त्याने, आणि नंदुरबारकडून गुजरात हाकेच्या अंतरावर, तिथे भाव बरा असला तरी गाडी अडवणार, मग स्वतःच्या शेतातला माल रात्री चोरासारखा न्यायचा!

राज्यघटना लिहिणाऱ्यांनी हे सांगितलं होतं का? कलम ३०१ वाचा, देशभर व्यापार मोकळा असेल असं लिहिलंय. कलम १३ तर सरळ सरकारलाच बजावतं की मूलभूत हक्क हिरावणारा कायदा करायचा नाही. म्हणजे सरकारला वेसण घातलेली होती. बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या व्यक्तिपूजेपासून सावध केलं होतं.

पण दीडच वर्षात, १९५१ ला, पहिली घटनादुरुस्ती आली आणि नववं परिशिष्ट जोडलं, त्यात टाकलेल्या कायद्याला हक्कांच्या नावाने कोर्टात आव्हान देता येऊ नये म्हणून. पुढे १९७८ ला मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला, मला हे फार लागतं.

आणि हे काही जुनं झालं नाही, डिसेंबर २०२३ मध्ये एका अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद केली होती ना. निदान एवढं तरी करा, असल्या बंदीला आधी संसदेची मंजुरी घ्या, मुदत ठरवा, आणि शेतकऱ्याचं नुकसान झालं तर भरून द्या.