चोवीस तासांनंतरचे डास

गडचिरोलीत कीटक समाहारक म्हणजे तपासणीसाठी डास गोळा करणारा कर्मचारी म्हणून काम करताना डासांच्या कीटकनाशक चाचण्या मी कितीतरी केल्या. धानोरा तालुक्यातल्या एका गावची चाचणी मात्र डोक्यातून जात नाही.

पहाटे टॉर्च आणि तोंडाने ओढायची नळी घेऊन आम्ही गोठे धुंडाळले. आपल्या ग्रामीण भागात हिवताप पसरवणारी मुख्य जात अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस. रक्त पिऊन पोट तट्ट झालं की तिची मादी भिंतीवर विसावते. फवारणीचा सगळा भरवसा या सवयीवरच. पण याच जातीने डीडीटीला दाद देणं थांबवल्याची नोंद १९५९ सालीच गुजरातमधून झाली होती. त्यामुळे फवारणीतल्या डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचं काय होतंय, याची धास्ती कायमच असते.

गोठ्याची मालकीण आजी मला म्हणाली, "बाबू, तुमचा पंप मारून जाता जी, पण मच्छर काही मरत नाही."

चाचणी नेहमीचीच. नळीत ०.०५ टक्के डेल्टामेथ्रिनचा कागद, त्यात वीसपंचवीस माद्या, एक तास संपर्क. मग स्वच्छ नळीत साखरपाण्याचा बोळा देऊन चोवीस तास ठेवायच्या. शेजारी तुलनेसाठी नुसत्या तेलाच्या कागदाची नळी. अठ्ठ्याण्णव टक्के किंवा जास्त मेल्या, तर औषध लागू पडतंय. नव्वदच्या खाली आकडा गेला, तर प्रतिकार पक्का.

दुसऱ्या दिवशी नळी उजेडात धरली. बऱ्याच माद्या जिवंत होत्या. एकीचे तीन पाय गळून नळीच्या तळाशी पडले होते, तरी टिचकी मारताच ती उडून जाळीला चिकटली. नियम सांगतो, उडता येतंय ना, मग पाय कितीही गळोत, जिवंतच धरा. मी "जिवंत" लिहिलं. आजीचं म्हणणं खरं निघालं होतं आणि पोटात खड्डा पडला.

एरवी इथे नळ्या रिकाम्या करतात. त्या दिवशी मी केल्या नाहीत. दोन्ही नळ्या ओल्या टॉवेलात गुंडाळून मुक्कामी आणल्या आणि रोज साखरपाणी बदलत राहिलो. औषधाच्या नळीतल्या वाचलेल्या माद्या एकेक करून मरत गेल्या. शेजारच्या नळीत मात्र निम्म्याहून जास्त अजून भिंतीला बसलेल्या होत्या. गोठ्यातून पकडलेल्या माद्यांचं वय कळत नाही, म्हणून याला पुरावा म्हणता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ग्लासगो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या प्रतिकारक्षम डासांवर केलेलं काम २०१६ साली प्रसिद्ध झालं, त्यातही हेच दिसलं होतं. औषधी मच्छरदाणीला लागून वाचलेले डास पुढे लवकर मरतात, आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं.

याचं महत्त्व कळायला परजीवीचं गणित बघावं लागतं. रुग्णाचं रक्त प्यायल्यावर फॅल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीला डासात वाढून लाळेपर्यंत पोहोचायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढं जगलेली मादीच हिवताप देते. तिचे चार दिवस कमी झाले, तरी एखादं लेकरू तापापासून वाचतं. म्हणून मला वाटतं, चाचणीच्या नोंदीच्या तक्त्यात चोवीस तासांच्या पुढचाही रकाना हवा. प्रतिकार वाढतोय म्हणून औषध बदलावं लागेल, हे खरंच. पण तोवर "फवारून काही होत नाही" म्हणत गावाने घरं बंद ठेवली, तर हातचंही जाईल.

आजीला हे सगळं सांगायला पुन्हा गेलो. मादी लगेच मेली नाही तरी भिंतीवर बसली की तिचं आयुष्य घटतं. म्हणून फवारल्यावर निदान दोन-अडीच महिने शेणमातीने सारवू नका, सारवलं की औषध खाली गाडलं जातं. तिने ऐकून घेतलं. गोठा तसाच ठेवीन म्हणाली, आतल्या झोपायच्या खोलीलाही हात लावणार नाही म्हणाली. दर्शनी भिंत मात्र दिवाळीला सारवणारच, त्यावर बोलायचं नाही.