कॅनडाचे व्हिडिओ आणि मुरारच्या मधपेट्या

कॅनडातल्या मधपाळांचे व्हिडिओ बघून ग्वाल्हेरात पेट्या सांभाळायला जाऊ नका. तिकडे बर्फ पडायच्या आधीच पेटी गुंडाळतात, आत ३० किलो किंवा जास्तच मध सोडतात आणि वसंतापर्यंत सहसा हात लावत नाहीत. बाहेर फूल औषधालाही नसतं, मग उघडून करणार काय? आमच्याकडे जानेवारीत पहाटे पारा ४-५ अंशांवर येतो खरा, पण नेमकी तेव्हाच ग्वाल्हेरच्या मुरार भागापासून भिंड-मुरैनापर्यंत सरसों, म्हणजे मोहरी, फुललेली असते. माश्यांना ऊबही हवी आणि मध साठवायला जागाही. सगळी डोकेदुखी इथेच.

नुसत्या थंडीला माश्यांची धडधाकट वसाहत बधत नाही. एकमेकींना बिलगून, उडायचे स्नायू थरथरवत माश्या पिलांभोवती ३४-३५ अंश राखतात. त्यांचा घात करते ती ओल. धुक्याच्या दिवसांत झाकण उलटं करून बघा, आतून थेंब लगडलेले दिसतील. तेच गार पाणी खाली माश्यांवर टपकतं. म्हणून झाकणाखाली कोरडं बारदान घालायचं, ओलसर लागलं की बदलायचं. पेटी पुढच्या बाजूला जराशी कलती ठेवायची. दार लहान करा, बंद नको. प्लास्टिकने गच्च आवळणारे महाभागही आहेत, त्यांच्यापुढे हात टेकले.

पेटी उघडायची ती दुपारी, ऊन पडल्यावर, मागच्या पायांवर पिवळ्याधमक परागाच्या गोळ्या घेऊन माश्या आत शिरू लागल्या की. पोळ्याच्या लाकडी चौकटी माश्यांनी झाकल्यात तेवढ्याच ठेवा. नवी द्यायची तर कडेला, पिलांच्या मधोमध घुसवू नका, पिलं गारठतात. साखरेचा पाक आधीच, नोव्हेंबरात, दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा दाट द्यावा. कडाक्यात पातळ पाक म्हणजे पुन्हा ओलच.

सरसोंवर माहू, म्हणजे मावा, पडला की फवारणी आलीच. शेतवाल्याला आधीच सांगून ठेवते, ‘भैया, दवा शाम को डालियो,’ म्हणजे तोवर माश्या घरी परतलेल्या असतात.

हा सरसोंचा मध काढायला आळस करू नका. चौकटीतला बराचसा मध मेणाने बंद झाला की लगेच काढायचा. त्यात ग्लुकोज भरपूर, त्यामुळे तो तुपासारखा थिजतो, कधी पोळ्यातच. मग मध काढायचं यंत्र कितीही फिरवा, निघत नाही. बरणीत थिजला तर कोमट पाण्यात ठेवायचा, आचेवर नाही. ग्वाल्हेरच्याच लष्कर भागात राहणाऱ्या आमच्या नणंदबाई दरवर्षी पांढरी बरणी दाखवून ‘वहिनी, साखर घातलीत ना?’ म्हणून विचारतात. मी आता वाद घालत नाही, बरणी परत मागते. देत नाहीत!

फेब्रुवारीत ऊन तापलं की चौकटीच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेएवढी राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायची घरं, लोंबताना दिसतील. वसाहत फुटून उडायच्या बेतात आहे, असं समजा. रिकामी पेटी आणि चौकटीत बसवायचे मेणाचे पत्रे जानेवारीतच आणून ठेवा. ऐन वेळी सगळ्यांनाच हवी असतात.